बुडापेस्टात हरपलेली सवारी

मुक्काम बुडापेस्ट (हंगेरी देशाची राजधानी),
९ जुलै, सकाळचे सात

आदरणीय किसनभाऊ यांना सोनाळ्याच्या प्रेमानंदचा मानाचा जय भीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देते का, वहिनीचा खोकला गेला का, अन् अमडापूरकडे पाऊस बरा आहे का, हे तिन्ही प्रश्न आधीच विचारून घेतो, कारण एकदा माझी गाडी सुटली की मधात थांबा नाही, हे तुम्हाले माहीतच आहे. इकडे आम्ही चौघंही (मी, तुमची बहीण, आपली समता अन् जवाई अश्वजित) ठणठणीत आहो. म्हणजे आज सकाळी आहो. काल दुपारी दीड ते पावणेतीन आम्ही चौघं नव्हतो, तिघंच होतो, अन् त्याच सव्वा तासाचा खुलासा कराले हे पत्र लिहून राह्यलो. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता अन् अर्धं अमडापूर हुंकार देते. म्हणून कागद घेतला. अश्वजित याचे फोटो काढून तुमच्या नातीच्या, करिष्माच्या मोबाईलवर पाठवणार आहे. तिच्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः चष्मा लावा.

सुरुवातीलेच सांगतो, भाऊ, मी सध्या लय उपकाराखाली दबलेला माणूस आहो. एसटीच्या कंडक्टरची पोरगी परदेशात इंजिनिअर होते, मायबापाले विमानानं बोलावते, विमानतळावर फुलं घेऊन उभी राहते, यासाठी कोणाकोणाचे आभार मानावे? तिच्या मास्तरांचे मानू, तिच्या हॉस्टेलचे मानू, बाबासाहेबांचे तर जन्मभर मानूच. परवा रात्री पोचलो तेव्हा तिनं आम्हाले गादीवर निजवलं अन् स्वतः खाली निजली. तुमची बहीण अंधारात डोळे पुसून राह्यली होती. मी पुसले नाही. (माझ्या डोळ्यात विमानातला एसी गेला होता.)

तर काल आमचा शहर पाहायचा पहिला दिवस. सकाळी निघताना समतानं आम्हा दोघांले एकेक कार्ड दिलं. त्यावर तिचं नाव, पत्ता, फोन नंबर. म्हणे, बाबा, हे खिशात ठेवा, हरपले बिरपले तर कोणालेही दाखवा. तुमच्या बहिणीनं ते गुपचूप पर्समध्ये टाकलं. मी मात्र चिडलो. म्हटलं, एकतीस वर्षं या माणसानं सवाऱ्या मोजल्या. बाजाराच्या दिवशी ऐंशी माणसं कोंबलेल्या गाडीत कोण कुठं उतरणार हे तोंडपाठ. एकदा संग्रामपूरच्या स्टँडवर एका म्हातारीची कोंबडी पिशवीतून सुटली, तर कोंबडी सापडेपर्यंत मी घंटी दिली नाही, ड्रायव्हर बोंबलत बसला. आजवर एक माणूस मागे टाकला नाही, अन् तू मले हरपलेल्या पार्सलसारखी चिठ्ठी लावतं? असं म्हणून ते कार्ड मी फ्रिजवर ठेवून दिलं. ते अजून तिथंच आहे. आत्ता चहा घेताना दिसलं. मी तिकडे पाठ करून बसलो.

इथल्या उन्हाबद्दल दोन शब्द. काल इथं छत्तीस डिग्री होतं अन् लोकांची अवस्था अशी की जणू गावाले आग लागली. रस्त्यारस्त्यावर पाण्याचे फवारे लावलेले, माणसं त्यात उभी राहून देवाचे आभार मानून राह्यली, म्हातारे सावलीत वही घेऊन वारा घेत. समता घाबरून विचारे, बाबा, त्रास तर नाही होत? अहो, आपल्याकडे मे महिन्यात एवढ्यात पापडसुद्धा धड वाळत नाही! मी डोक्याले दुपट्टा बांधला अन् असा चाललो जसा पोळ्याले निघालो. बऱ्याच लोकांनी माझ्या दुपट्ट्याचे फोटो काढले. मीही उभा राहिलो. नाही कसं म्हणता?

मग ट्राम. पिवळी धमक, नदीच्या काठाकाठानं जाते, काचेतून तिकडची मोठी पार्लमेंट दिसते, एवढी नक्षी की पाहणाऱ्याची मान दुखते. सगळं सुंदर. पण भाऊ, गाडीत कंडक्टर नाही! माणूस आपलं आपण चढते, तिकीट आपल्या हातानं यंत्रात घालून टोचते अन् बसते. कोणी पाहत नाही. मी तुमच्या बहिणीले सीटवर बसवलं अन् सवयीनं दरवाज्याजवळ उभा राहिलो. एका पोट्ट्यानं तिकीट टोचलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं. मी पाहतच राहिलो. पुढच्या थांब्यावर तो उतरून गेला. (पास असंन त्याच्याकडे, असं अश्वजित मागून म्हणाला. असू दे. मग दाखवाले काय झालं होतं?)

आता मुद्द्यावर येतो, अन् इथं तुम्ही जरा माझ्या बाजूनं विचार करा अशी नम्र विनंती. आपल्याकडे नवरा-बायको चालतात कसे? नवरा पुढे, बायको मागे. माझा बाप असाच चालला, तुमचाही असाच चालला, तुम्हीही असेच चालता. मी तुम्हाले वहिनीच्या दहा पावलं पुढे चिखलीच्या बाजारात डोळ्यानं पाहिलं आहे. मागे वळून पाहायची रीत नाही. काऊन पाहावं? ती येणारच असते. बोलायचं झालं तर मान न फिरवता बोलायचं, पाणी पाहिजे असलं तर हात मागे करायचा, हातात बाटली येते. लग्नाले छत्तीस वर्षं झाली, हात कधी रिकामा परत आला नाही. समता अन् अश्वजित मात्र बाजूबाजूनं चालतात, हातात हात घेऊन, भर रस्त्यात, सासऱ्यासमोर. मी त्यांच्याही पुढे चाललो, म्हणजे दिसायले नको.

नदीच्या मधात एक बेट आहे, सगळं बागबगिच्याचं, मोटारी नाहीत. पुलावरून उतरून तिथं गेलो तेव्हा दीड वाजला होता. समता म्हणाली, आम्ही थंड सरबत घेऊन येतो, तुम्ही दोघं या झाडाखाली थांबा, हलू नका. अन् ते दोघं गेले. आता थांबणं हे काही कंडक्टरचं काम नाही. शिवाय ओळखीचा रस्ता असो की नसो, पुढे आपणच चालायचं हे माझ्या अंगात मुरलेलं. मी म्हटलं, चाल वं, तोवर एक चक्कर मारू, अन् निघालो.

निघालो म्हणजे तुम्हाले माझी चाल माहीत आहे. जाता जाता मी तुमच्या बहिणीले सगळी माहिती देऊन राह्यलो होतो. ही नदी किती देशांतून येते (अश्वजितनं सकाळी सांगितलं होतं, मी थोडे देश वाढवले), आपली पूर्णा उन्हाळ्यात कशी आटते अन् ही काऊन आटत नाही, इथल्या लोकांनी झाडं कशी राखली, आपल्या सरपंचानं बाभळी कशा विकल्या. मग पोरीचा विषय निघाला. म्हटलं, आपण तिले शिकवलं ते बरंच केलं. तेव्हा तू गळ्यातली पोत मोडायले दिली, मी नाही म्हणत होतो, तू ऐकलं नाही, तुझंच बरोबर होतं. भाऊ, ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. मन भरून आलं म्हणून बोललो. मागून उत्तर आलं नाही. पण उत्तर न येणं ही आमच्याकडे काही नवी गोष्ट नाही, मले वाटलं तिलेही भरून आलं असंन. येणारे जाणारे माझ्याकडे पाहून हसून राह्यले होते. मी त्यांले जय भीम केला.

अर्धा तास असा गेला. बेट संपलं, पुढे पाणीच पाणी. घसा कोरडा पडला म्हणून रिवाजाप्रमाणे हात मागे केला. त्या बेटाले कडेकडेनं पळायची लाल पट्टी आहे, तिच्यावरून एक घामाघूम गोरा पळत आला, त्यानं माझ्या हातावर खणकन टाळी दिली अन् तसाच पुढे पळाला. मी वळून पाहिलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा वळलो, भाऊ, अन् मागे कोणीच नव्हतं.

आधी मले राग आला. खोटं कशाले सांगू? म्हटलं, गेली कुठं ही बाई न सांगता? मग राग उतरला अन् भेव वाटलं. ज्या बाईले इथली भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, चारी बाजूंनी नदी, अन् तिले पोहता येत नाही. माझ्या मोबाईलात इथलं सिम नाही. पोरीचा नंबर फ्रिजवर. मी आलो त्या वाटेनं पळत सुटलो. लाल पट्टीवरूनच पळालो, लोक टाळ्या वाजवून हुरूप देऊन राह्यले.

मधात सायकलवर एक पोलीस पोरगी भेटली, आपल्या समताच्या वयाची. तिनं मले सावलीत बसवलं, स्वतःचं पाणी पाजलं अन् मोबाईलमध्ये काहीतरी बोलली, तर मोबाईल हिंदीत बोलाले लागला. मी सांगितलं, बायको हरपली. त्यानं विचारलं, पत्नीने कोणत्या रंगाचे कपडे घातले आहेत? मी म्हटलं हिरवं लुगडं. मग म्हटलं नाही, निळं. मग आठवलं, निळं विमानात होतं. सकाळपासून सहा तास ती माझ्या मागे चालली, अन् मले तिच्या पातळाचा रंग सांगता येईना. मोबाईलनं उंची विचारली. मी हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग तिनं फोटो मागितला. माझ्या मोबाईलात दोनशे चौदा फोटो आहेत, भाऊ. मी नागपूर विमानतळावर, मी मुंबई विमानतळावर, मी विमानातला डबा उघडताना, मी पार्लमेंटसमोर दुपट्टा बांधून. सगळे तुमच्या बहिणीनं काढलेले. तिचा एकही नाही. ती पोरगी एकेक फोटो सरकवत होती अन् मी खाली पाहून राह्यलो होतो. दोनशे चौदाव्यापर्यंत ती एकदाही हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

शेवटी मोबाईलनं नाव विचारलं. आता नाव मले माहीत आहे हो! रेशनकार्डावर मीच लिहिलं, पासपोर्टच्या अर्जावर मीच लिहिलं. पण तोंडानं कधी घेतलंच नाही. आधी 'आयकतं का वं', मग पोरगी झाल्यावर 'समताची माय', एवढ्यावर संसार झाला. मी म्हटलं, समताची माय. मोबाईलनं ते तिले कसं सांगितलं देव जाणे, तिनं मान हलवली अन् पुन्हा विचारलं, नाव. अन् मग हातानं खूण केली, की तोंडाले हात लावून ओरडा, नावानं हाक मारा, बाग काही एवढी मोठी नाही.

माझा गळा तुम्हाले माहीत आहे. 'वरवट, संग्रामपूर, सोनाळा' म्हटलं की बाजारातली माणसं वळून पाहत. पण तिथं त्या गुलाबांच्या बागेपाशी उभा राहिलो अन् आवाजच निघेना. नव्या नवऱ्यासारखा घाम फुटला. ती पोरगी पाहून राह्यली, दोन म्हाताऱ्या बाकावरून पाहून राह्यल्या. मग मनात म्हटलं, प्रेमानंदा, लाज वाटून राह्यली असली तर घरी एकटा जाशील, अन् डोळे मिटून ओरडलो, "चांगुणाऽऽ!"

कोणी ओ दिली नाही. जवळच एक मोठं कारंजं गाणं लावून उडत होतं, त्यात ऐकू गेलं नसंन. दुसऱ्यांदा ओरडलो, जास्त जोरात. काही नाही. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा, भाऊ, मी ओरडलो नाही, रडलोच. अन् गुलाबाच्या ताटव्याआडून पिवळं पातळ वर आलं. (पिवळं होतं. जांभळ्या काठाचं. आता मरेपर्यंत विसरणार नाही.)

तुमची बहीण काय करून राह्यली होती, विचारा. बागेतल्या बाया ओळीनं बसून गवत काढून राह्यल्या होत्या, नारिंगी जाकिटं घातलेल्या. ही त्यांच्या मधात, पातळावर तसंच जाकीट चढवून, हातात खुरपं, एक पात धरून निंदून राह्यली होती! म्हणजे तासाभरात तिनं परदेशात काम मिळवलं, अन् आपल्या समताले त्यासाठी दोन वर्षं लागली होती. पदराच्या ओच्यात भाजी. त्या बाया जी गवत म्हणून उपटून फेकत होत्या, ती आपली चिवळीची भाजी होती, पानं जरा मोठी एवढंच. ती उकिरड्यावर जाताना पाहून हिच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, तुले भेव नाही वाटलं? तर म्हणते, "वावर दिसलं, बाया दिसल्या, आता कायचं भेव? अन् कार्ड होतंच की माह्याजवळ, थ्या बाईनं पोरीले फोन बी लावून देल्ला."

खरंच, समता अन् अश्वजित पाच मिनिटात धावत आले, सरबत हातातच. म्हणजे हरपलेली ती नव्हतीच. सगळे मलेच शोधत होते.

त्या बायांची मुकादम, पांढऱ्या केसांची, मले पुष्कळ बोलली. भाषा काही कळली नाही, पण मजकूर पुरा कळला, माझी मायही असंच बोलायची. मग तिनंच मले चेरीचा पुडा दिला अन् तुमच्या बहिणीले गालाले गाल लावून निरोप दिला. त्या पोलीस पोरीले मी हात जोडले, तर तिनं सायकल टेकवून उलट मलेच हात जोडले. एवढ्या परक्या मुलखात, भर उन्हात, एका बुढ्यासाठी किती माणसं थांबली! मी आजवर लोकांसाठी गाडी थांबवत आलो, पण माझ्यासाठी कोणी थांबलेलं मी काल पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी त्या चिवळीले बेसन लावून भाजी केली, समतानं तीन भाकरी खाल्ल्या अन् रडली, म्हणे दहा वर्षांनी ही चव आली.

बेटावरून परत येताना मी तुमच्या बहिणीच्या बाजूनं चालायचा प्रयत्न केला. सोपं नाही बरं. दहा पावलांवर मी आपोआप पुढे जातो. मग थांबतो. मग ती येते. मग आम्ही दोघंही हसतो. मले इतके दिवस वाटत होतं ती हळू चालते. ती बरोबर चालते, मीच पळतो.

आता जे लिहितो ते तोंडावर बोलता आलं नसतं. भाऊ, छत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या एकुलत्या एक बहिणीचा हात माझ्या हातात दिला. त्या दिवशी मी जेवण कसं होतं, वाजंत्री उशिरा काऊन आली, एवढंच बोललो होतो. आभार मानले नव्हते. आज मानतो. काल त्या सव्वा तासात मले कळलं की माझ्याजवळ काय होतं. तुमचे उपकार या जन्मी फिटत नाहीत.

वहिनींना जय भीम, करिष्माले आशीर्वाद. गुडघ्याले तेल लावा, अन् बाजारात वहिनीच्या बाजूनं चाला.

तुमचाच,
प्रेमानंद

ता. क. १ : त्या मुकादम बाईनं तुमच्या बहिणीले रोज सकाळी बागेत बोलावलं आहे, अन् समताही आम्हाले सोडत नाही. म्हणून मुक्काम तीन आठवडे वाढवला. तर भाऊ, एवढीच विनंती, की आपल्या सोनाळ्याच्या चार एकर सोयाबीनचं निंदण बाकी आहे. इथं तुमची बहीण परक्याचं फुकट निंदून राह्यली अन् तिथं घरच्या वावरात गवत माजून राह्यलं असंन. तुम्ही खामगावाहून गाडी बदलून दोन दिवस जाऊन या, बाया लावा, उभं राहून करून घ्या. गुडघ्याचं मी वर विचारलं ते यासाठीच.

ता. क. २ : दादा, हे आंगोळीले गेले तवा मी कागद वाचला, म्हून हे खालचं माह्या हातचं. ह्यांनी सारं खरं लिहिलं. मी चपलीचा पट्टा लावाले वाकली आन् हे बोलत बोलत निंगून गेले. अहो म्हनून हाक मारता आली असती. नाई मारली. एक गोष्ट मातर ह्यांले ठावं नाई, आन् तुम्ही सांगू नका. कारंज्याचा आवाज काई एवढा नोता. मले पयलीच हाक आयकू आली होती. पन छत्तीस वर्सात ह्यांच्या तोंडून माह्यं नाव पयल्यांदा आयकलं; म्हनलं अजून एक-दोन डाव घेऊ द्या, आन् मुंडी खाली घालून निंदत राह्यली.

– चांगुणा